वास कशाचा येतो आहे?



चालकांनी पत्रकावर माझा विषय छापला तो असा : 'सर्व्हिसिंगनंतर मोटारीला येणारा जळका वास व त्याचे निदान'. ते पत्रक वाचून माझे एक स्नेही मला म्हणाले, 'अहो, काल संतवाङ्मय झाले, उद्या लोकशाही होणार. मधेच हे गॅरेज कोठून आले?' मी त्यांना एवढेच म्हटले की, १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो लोकशिक्षणासाठी. आणि ज्या वस्तूत आपण आपली बायकामुले बसवून घाटातून खाली उतरतो, त्या वस्तूविषयी चार शब्द जाणून घेणे हे लोकशिक्षण नव्हे काय? आज भूमसारख्या तालुक्याच्या गावी घरापुढे चारचाकी उभी असणे ही नवलाई राहिलेली नाही. आजारी माणसाला बार्शीला न्यावयाचे असो, तुळजापूरला दर्शनाला जावयाचे असो, की खव्याच्या पाट्या पहाटे मोठ्या बाजाराला पोचवावयाच्या असोत, मोटार आपल्या संसारात आली आहे. तेव्हा तिची दुखणीही आपल्या संसारात आली, हे मान्य केले पाहिजे.

मी मोटारीचे यंत्रकाम शिकविण्यात उमेदीची वर्षे घालविली. सेवानिवृत्त होऊनही बराच काळ लोटला. परंतु आज मी जे सांगणार आहे ते मला माझ्या शिकविण्यातून समजले नाही. ते माझ्या थोरल्या वहिनींनी शिकविले, आणि त्या कधी शाळेतसुद्धा गेलेल्या नाहीत. ती हकीकत पुढे येईल. आधी वासाविषयी बोलू.

आपला तालुका खव्याचा. कुंथलगिरीचा खवा आणि पेढा यांचे नाव मी तुम्हांला सांगावयास नको. ज्यांनी खव्याची भट्टी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की, चार-पाच लिटर दूध आटवावे तेव्हा किलोभर खवा हाती येतो, आणि तेवढा वेळ कढईतील उलथणे एक क्षण थांबवून चालत नाही. भट्टीवर बसणारी बाई कढईकडे सारखी पाहत असते असे नाही. ती शेजारणीशी बोलत असते, पोराला दटावीत असते, जळण सारीत असते. पण तिचे नाक कढईवर असते. दूध खमंग होते आहे, खरपूस होते आहे की बुडाला लागते आहे, हे तिला डोळ्यांआधी नाक सांगते. आपल्या भाषेनेही हे काम किती बारकाईने केले आहे पाहा : खमंग वेगळा, खरपूस वेगळा, करपट वेगळा, धुरकट, खवट, कुबट, आंबूस, कोंदट, उग्र हे सगळे निरनिराळे. असे असून मोटारीला वास आला म्हणजे मात्र आपण सारे एकच बोलतो : 'गाडीला कसला तरी वास येतो हो.' स्वयंपाकघरात जी शब्दसंपत्ती आपण उधळतो, ती रस्त्यावर येताच आपली दिवाळखोरी का व्हावी?

सर्व्हिसिंगनंतर वास येतो म्हणजे काय होते, ते आता पाहू. गाडी गॅरेजात जाते तेव्हा इंजिनचे जुने तेल काढतात, तेलाची गाळणी म्हणजे ऑईल फिल्टर बदलतात, हवेची गाळणी साफ करतात, ब्रेक उघडून झाडतात, पट्टे तपासतात, कूलंटची पातळी पाहतात, बॅटरीची टोके खरडून पुन्हा आवळतात. म्हणजे ज्या दहा-पंधरा जागा वर्षभर बंद होत्या त्या एका दिवसात उघडल्या आणि पुन्हा बंद केल्या. उघडताना काही सांडले असेल, मिटताना काही सैल राहिले असेल, काही जास्त आवळले गेले असेल. म्हणून पहिला प्रश्न हा की, शेवटचा हात कोठे लागला? वैद्य विचारतो ना, 'काल काय खाल्ले होते?' तसाच हा प्रश्न. गॅरेजने दिलेला कामाचा कागद आपण बहुधा पैशांचा आकडा पाहून खिशात घालतो. तो वाचावा. त्यात उत्तराची अर्धी वाट असते.

सर्वांत वारंवार आढळणारे कारण अगदी साधे असते. फिल्टर काढताना जुने तेल थोडे खाली ओघळते आणि सायलेन्सरच्या नळीवर किंवा इंजिनच्या अंगावर पडते. इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या धुराची नळी कित्येक शे अंशांपर्यंत तापते. तिच्यावर तेल पडले की ते जळते, निळसर धूर निघतो, आणि वडे तळून तळून काळ्या झालेल्या कढईतल्या तेलासारखा जड वास येतो. मेस्त्री म्हणतो, 'काही नाही साहेब, तेल सांडलंय, जाईल जळून.' आणि बहुतेक वेळा तो खरेच सांगत असतो. एक-दोन दिवसांत, चार-सहा फेऱ्यांत ते तेल जळून संपते आणि वासही संपतो. नव्याने फवारलेला गंजविरोधी रंग किंवा इंजिन चकचकीत दिसावे म्हणून मारलेले पॉलिश यांचेही असेच असते.

परंतु खरा धोका येथेच आहे. जे उत्तर बहुतेक वेळा खरे असते, ते एखादे वेळी खोटे ठरले तर आपल्या ध्यानातच येत नाही. आपल्याला ते इतके सोयीचे असते की, आपण ते तपासतच नाही.

मग काय करावे? आपल्या पेढीच्या व्यवहारातील एक जुनी गोष्ट येथे कामाला येते. हुंडी दोन तऱ्हेची असते. एक दर्शनी हुंडी, म्हणजे दाखविली की लगेच पैसे मोजून दिले पाहिजेत. दुसरी मुदती हुंडी, म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर पैसे द्यावयाचे. मोटारीचे वासही असेच दोन तऱ्हेचे आहेत. काही दर्शनी : आले की त्याच क्षणी गाडी थांबवावयाची. काही मुदती : त्यांना थोडी मुदत देता येते. पण मुदत दिली की ती तारीख लिहून ठेवली पाहिजे. 'जाईल आपोआप' हे उत्तर नव्हे. 'परवापर्यंत जाईल, आणि रोज कमी होत जाईल' हे उत्तर आहे. कारण त्याची परीक्षा घेता येते. परवा आला आणि वास तसाच असला तर ती हुंडी बुडाली, असे समजून गाडी परत न्यावी.

आता एकेका वासाची ओळख करून घेऊ.

तेलाचा वास मुदती आहे, हे सांगितले. पण मुदत देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. रात्री गाडीखाली जुने पुठ्ठे पसरून ठेवावे. सकाळी त्यावर ताजे थेंब दिसले तर तेल सांडलेले नव्हे, गळते आहे. डिपस्टिक काढून पातळी पाहावी. आणि बॉनेट उघडून तेल ओतावयाचे झाकण जागेवर आहे ना, ते पाहावे. हे झाकण विसरल्याची उदाहरणे हसण्यावारी न्यावीत इतकी थोडी नाहीत. आणखी एक चूक जाणत्या हातांकडूनही होते. फिल्टरला रबराची एक कडी असते. जुना फिल्टर काढताना ती कडी कधी कधी इंजिनलाच चिकटून राहते, आणि नवा फिल्टर आपल्या नव्या कडीसह तिच्यावरच आवळला जातो. दोन कड्या एकमेकींवर नीट बसत नाहीत. इंजिन सुरू होऊन तेलाला दाब आला की फट पडते. असे तेल थेंबथेंब गळत नाही, धारेने जाते. डॅशबोर्डावर तेलाचा तांबडा दिवा लागला तर पुढच्या गावापर्यंतही जाऊ नये. जागच्या जागी इंजिन बंद करावे. तेलाशिवाय इंजिन थोड्याच वेळात जखडून बसते.

गोडसर वास आला, काकवीचे आधण चढल्यासारखा, तर तो कूलंटचा. त्यात ग्लायकॉल नावाचे द्रव्य असते. ते चवीला गोड आणि पोटात विषारी असते. म्हणून कुत्र्यामांजरांना आणि मुलांना सांडलेल्या कूलंटजवळ जाऊ देऊ नये. या वासाबरोबर तापमानाचा काटा वर चढत असेल तर गाडी थांबवावी. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना कधीही उघडू नये. आत पाणी दाबाखाली असते, आणि झाकण फिरताच ते तोंडावर येते. घाईने झाकण उघडून ज्यांनी हात भाजून घेतले, असे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

रबर जळल्याचा वास आणि त्याबरोबर किंचाळल्यासारखा आवाज आला तर पट्टा सैल आहे किंवा त्यावर तेल गेले आहे. आवाज नसेल तर खाली वाकून पाहावे. रस्त्यावरची प्लॅस्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटून वितळत असते, आणि आपण उगीच मेस्त्रीला दोष देत असतो. कापूस किंवा चिंधी जळल्याचा वास आला तर बहुधा चिंधीच जळते आहे. हात पुसण्याचे फडके इंजिनच्या खोबणीत राहिले, म्हणजे ते नळीवर घसरावयास फार वेळ लागत नाही. हा वास दर्शनी समजावा, कारण चिंधी एकदा पेटली की तिच्या शेजारी तेल आहे आणि तारा आहेत.

क्लचचा वास जळलेल्या कागदासारखा आणि नाकाला झोंबणारा. तो बहुधा आपल्याच पायाचा दोष असतो. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी पेलून धरण्याची खोड पुष्कळांना असते. क्लच नवा बसविला असेल तर पहिले काही दिवस थोडा वास येतो, आणि तो मुदती आहे. ब्रेकचा वासही असाच, पण त्यात तापलेल्या लोखंडाची झाक असते, आणि तो बॉनेटखालून न येता चाकापाशी येतो. त्याच्याविषयी मी शेवटी सांगणार आहे.

सर्वांत भयंकर वास विजेचा. प्लॅस्टिक आणि मासळी एकत्र जळावी तसा तिखट वास आला, की कोठेतरी तारेचे आवरण जळते आहे. बॅटरीचे टोक सैल राहिले असेल, एखादी तार पत्र्याखाली चिमटली गेली असेल, किंवा कोणी हौसेने बसविलेल्या मोठ्या दिव्याचा आणि भोंग्याचा भार तारेला पेलत नसेल. फ्यूज हा मोटारीतला इमानी पहारेकरी. तार जळण्याआधी तो स्वतः जळून जातो. पण आपण काय करतो? दहाचा फ्यूज वारंवार जातो म्हणून तेथे तिसाचा लावतो, किंवा सरळ तारेचा तुकडा खुपसतो. म्हणजे पहारेकऱ्याने चोर आल्याची हाक दिली म्हणून आपण त्याचे तोंड बांधतो! विजेचा वास आला तर तो दर्शनी. गाडी बाजूला घ्यावी, किल्ली बंद करावी, आधी माणसे उतरवावीत आणि मग विचार करावा. पेट्रोलचा वास हा तर जळका नसतो, पण तोही दर्शनीच. कारण तो जळण्याच्या आधीचा वास आहे.

एका वासाने घाबरण्याचे कारण नाही, तोही सांगून ठेवतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर नवे प्रदूषण-मानक लागू झाले, आणि डिझेलच्या नव्या गाड्यांत काजळी धरून ठेवणारी गाळणी आली. ती भरली की गाडी स्वतःच ती काजळी सुमारे सहाशे अंशांना जाळून टाकते. तेवढा वेळ गरम, धातूसारखा वास येतो आणि पंखा जोरात फिरतो. हा दोष नव्हे, ती घराची झाडलोट आहे. मात्र अशा वेळी, किंबहुना कधीच, तापलेली गाडी वाळल्या गवतावर किंवा कडब्याजवळ उभी करू नये. गाडीचे पोट चुलीसारखे तापलेले असते, हे आपल्या शेतकरी बंधूंनी विशेष ध्यानात ठेवावे.

येथे एक शंका कोणी घेईल : 'सर्व्हिसिंगनंतर वास आला म्हणजे सर्व्हिसिंगमुळेच आला, असे कशावरून?' शंका योग्य आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, हे आपण नेहमीच म्हणतो. पुष्कळदा असे होते की, गाडी नुकतीच गॅरेजातून आलेली असल्यामुळे आपण तिच्याकडे कान-नाक लावून बसतो, आणि महिनाभर असलेला वास आज प्रथम जाणवतो. पुष्कळदा वास आपल्या गाडीचा नसतोच. घाटात पुढच्या मालट्रकचे ब्रेक तापलेले असतात आणि आपण आपले बॉनेट उघडतो. म्हणून हवेची कळ फिरवून बाहेरची हवा आत येणे बंद करावे; थोड्या वेळाने वास कमी झाला तर तो बाहेरून किंवा इंजिनकडून येतो आहे, तसाच राहिला तर गाडीच्या आतला आहे, असा अंदाज बांधता येतो. मागेपुढे वाहन नसताना पुन्हा हुंगून पाहावे. निदान म्हणजे संशयितांची यादी वाढविणे नव्हे. एकेक नाव सावकाश खोडत जाणे होय.

आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचे ठरीव उदाहरण आहे ते डोंगरावरील धुराचे. धूर दिसला, म्हणून तेथे अग्नी आहे. पण त्याच शास्त्रकारांनी एक सावधगिरीही सांगितली आहे : अग्नी आहे तेथे धूर असेलच असे मात्र नाही, जळण ओले असेल तरच धूर होतो. मोटारीच्या बाबतीत हे दुसरे वाक्य पहिल्यापेक्षाही मोलाचे आहे. वास आला नाही म्हणजे काही तापलेच नाही, असे समजू नये. आणि वास थांबला म्हणजे आग विझली, असे तर मुळीच समजू नये. कारण आपले नाक ही मोठी लहरी वस्तू आहे. एकच वास सतत येत राहिला की, काही मिनिटांत ते त्याची दखल घेण्याचे सोडून देते. अत्तराच्या दुकानातील माणसाला अत्तराचा वास येत नाही, तो यामुळेच. आपण गाडीत बसून म्हणतो, 'गेला बरे का वास!' वास गेलेला नसतो, नाक थकलेले असते. म्हणून खाली उतरावे, पन्नास पावले दूर जाऊन मोकळी हवा घ्यावी, आणि परत येऊन चारही चाकांपाशी व बॉनेटपाशी निरनिराळे हुंगावे. वय वाढले की नाक मंदावते, हेही माझ्या वयाच्या माणसांनी नम्रपणे मान्य करावे आणि घरातील तरुण नाकाला साक्षीला बोलवावे.

नाकाचा हा उपयोग जगातल्या मोठमोठ्या यंत्रज्ञांनी ओळखला होता. इंग्लंडात ३ जुलै १९३८ रोजी 'मॅलार्ड' नावाचे वाफेचे इंजिन ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेगाने धावले. वाफेच्या इंजिनांचा तो उच्चांक. सर नायजेल ग्रेस्ली हे त्याचे रचनाकार आणि डडिंग्टन हे त्या दिवशीचे चालक. त्या इंजिनच्या मधल्या दांड्याचा सांधा असा आत दडलेला होता की, धावताना तो कोणाला दिसणे शक्य नव्हते. म्हणून त्यात बडीशेपेसारख्या उग्र वासाच्या तेलाची एक कुपी बसविली होती. सांधा जादा तापला की कुपी फुटावी आणि चालकाला वास यावा! त्या दिवशी उच्चांक झाला, पण तो सांधाही तापला आणि इंजिन सावकाश पीटरबरोला न्यावे लागले. आपल्या घरातील सिलिंडरचे काय आहे? त्यातल्या वायूला मुळात जवळजवळ वासच नसतो. गळती कळावी म्हणून कारखान्यात त्यात मर्कॅप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. जेथे डोळा पोचत नाही तेथे माणसाने नाकाला पहाऱ्यावर बसविले आहे. उलट मोटारीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू बिनवासाचा. म्हणून तो अधिक घातकी. काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणारी माणसे सकाळी उठत नाहीत ती त्याच्यामुळे.

आता मी माझी हकीकत सांगतो आणि संपवितो.

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या वहिनींचे डोळे दाखविण्यासाठी त्यांना सोलापूरला न्यावयाचे होते. वाटेत तुळजापूरला देवीचे दर्शन घ्यावे, असे त्यांच्या मनात होते. वहिनींचे आयुष्य आपल्याच तालुक्यातील एका खेड्यात खव्याच्या भट्टीपुढे गेलेले. आदल्या दिवशी मी गाडीचे सर्व्हिसिंग करवून घेतले होते. येडशी मागे पडल्यावर वास जाणवू लागला. मी गॅरेजला फोन केला. 'तेल सांडलं असेल सर, जाईल शंभर किलोमीटरमध्ये,' असे उत्तर मिळाले. मीही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे हेच सांगत आलो होतो. मी निश्चिंत झालो.

धाराशिव ओलांडल्यावर वहिनी मागून म्हणाल्या, 'भावजी, ह्यो तेलाचा वास न्हाई. बुडाला लागल्यावानी येतुया.'

मी हसलो. म्हटले, 'वहिनी, ही कढई नव्हे, मोटार आहे.'

त्या गप्प बसल्या. दिराशी वाद घालण्याची त्यांची रीत नव्हती. तुळजापूरला दर्शन झाले. परत गाडीपाशी आलो तेव्हा त्या पुढच्या डाव्या चाकापाशी जरा वाकल्या, पदर नाकाला लावला आणि माझ्याकडे पाहिले. मी दार उघडून धरले. 'बसा वहिनी, उशीर होतोय.' त्या बसल्या.

तुळजापूरहून सोलापूरकडे निघाले की घाट लागतो, हे तुम्हां सर्वांना माहीत आहे. दुसऱ्या वळणावर मी ब्रेकवर पाय ठेवला, आणि पाय खाली गेला. पायाखाली काही विरोधच नव्हता. ओल्या मातीत पाय रुतावा तसा तो गेला. मला माझ्या शिक्षणाचा त्या क्षणी एवढाच उपयोग झाला की, मी गाडी एकेक गियर खाली आणली, हँडब्रेक हळूहळू ओढला, आणि डोंगराच्या अंगाला गाडी घासत थांबविली. कोणाला काही झाले नाही. पुढच्या डाव्या चाकातून धूर निघत होता.

झाले होते ते असे. ब्रेक साफ करताना त्या चाकाच्या ब्रेकची सरकती पिन ग्रीस न लावता कोरडीच बसविली गेली होती. ती अडकली आणि पाय काढला तरी पॅड सुटेनात. भूमपासून ते चक्रीला घासत होते. चक्री तापली, तिच्या उष्णतेने ब्रेकचे तेल उकळले. हे तेल हवेतील ओल शोषून घेते. आपल्याकडे सर्रास वापरतात ते तिसऱ्या प्रतीचे तेल कोरडे असते तेव्हा २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओल शोषलेल्या तेलासाठी हाच आकडा १४० वर येतो. तेल उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून पाय खाली गेला. हे सारे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहून दाखविले होते! खुणाही सगळ्या होत्या. गाडी किंचित डावीकडे ओढत होती. सपाटीवर पाय काढला की ती नेहमीसारखी घरंगळत नव्हती. तुळजापूरला चाकाजवळ हाताची मागची बाजू नुसती नेली असती, न टेकविता, आणि उजव्या चाकाशी ताडून पाहिले असते, तरी धग कळली असती. मी ते केले नाही. कारण माझ्याजवळ उत्तर आधीच होते.

त्या मेस्त्रीची चूक झाली, हे खरे. पण मी त्याच्यावर रागावू शकलो नाही. त्याची चूक एका पिनेची होती. माझ्याजवळ वास होता, साक्षीदार होता, वेळ होता, ज्ञान होते; आणि मी गाडी घाटात घातली. वहिनींना नाव ठाऊक नव्हते, पण वास ठाऊक होता. मला नावे ठाऊक होती. मी नावावर विसंबलो. जो वास तेलाचा असता तर बॉनेटपाशी आला असता, तो चाकापाशी येत होता. आणि शंभर किलोमीटरची मुदत जो दिवसभर मोजत होता, त्याने मुदत सरताना वास कमी होतो आहे की वाढतो आहे, एवढेही पाहिले नाही.

म्हणून शेवटी चार शब्द दोन्ही पक्षांना. मेस्त्रीबंधूंनी गाडी परत देताना दोन मिनिटे काढून सांगावे : 'मी अमुक अमुक उघडले होते, अमुक वास दोन दिवस येईल, तिसऱ्या दिवशी आला तर घेऊन या.' यात कमीपणा काही नाही. ज्याला आपल्या कामाची खात्री असते तोच मुदत घालून देतो. आणि गाडी आणणाऱ्यांनी तक्रार घेऊन जाताना आरोप घेऊन जाऊ नये, माहिती घेऊन जावे : वास कसला, कोठून, गाडी धावताना की थांबल्यावर, थंड असताना की तापल्यावर, वाढतो आहे की उतरतो आहे. 'कसला तरी वास येतो' असे म्हणणाऱ्याला 'काही नाही, जाईल' असेच उत्तर मिळावयाचे. प्रश्न धड विचारल्याशिवाय उत्तर धड मिळत नाही, हा नियम परीक्षेला आहे तसाच गॅरेजलाही आहे.

धूर दिसलाच तर काय करावे, तेही सांगून टाकतो. गाडी कडेला, इंजिन बंद, माणसे खाली आणि रहदारीपासून लांब, शंभर पावलांवर. सामानासाठी परत जाऊ नये. बॉनेट एकदम पूर्ण उघडू नये. हवा मिळाली की धुमसणारी आग भडकते. तेलाच्या आणि विजेच्या आगीवर पाणी ओतू नये; कोरड्या भुकटीचे लहान नळकांडे गाडीत ठेवावे, आणि ते डिकीच्या तळाशी नव्हे, हाताशी ठेवावे. ब्रेक तापला असेल तर चाकावर थंड पाणी मारू नये, चक्रीला तडा जातो. गाडी तशीच उभी ठेवून निवू द्यावी, आणि मग मेस्त्रीला तेथेच बोलवावे.

त्या दिवशी आम्ही घाटातील दगडावर बराच वेळ बसून होतो. चाक निवत होते. मी वहिनींना म्हणालो, 'तुम्ही सांगत होता, मी ऐकले नाही.' त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, 'तुम्ही शिकलेले, भावजी. मला वाटलं, तुम्हांला ठावं असंल.' या वाक्याने मला जेवढी लाज वाटली तेवढी ब्रेक गेल्याची भीतीही वाटली नव्हती. आपल्या शिक्षणामुळे शेजारच्या माणसाचे तोंड बंद होत असेल, तर त्या शिक्षणात काहीतरी करपले आहे, हे ओळखावयाला मोटारीची गरज नाही.

आज घरी गेल्यावर आपापल्या गाडीचा शेवटचा कामाचा कागद काढून वाचा, एवढीच माझी विनंती आहे. आणि प्रवासात मागच्या सीटवरून कोणी म्हणाले की 'कसला तरी वास येतोय,' तर 'काही नाही' म्हणण्यापूर्वी गाडी बाजूला घ्या. पाच मिनिटे जातील. ती गेलेली बरी.